ओरखडा आणि सिलिकॉनचे बळ

काचवाल्याला तावदान कापताना आपण सर्वांनीच पाहिले आहे. हिऱ्याने तो एक बारीक रेघ ओढतो, दोन्हीकडून हलकेच दाबतो आणि काच नेमकी त्या रेघेवर दुभंगते. रेघेने काचेची जाडी तर फारशी कमी झालेली नसते. मग ती तिथेच का तुटावी?

याचे गणित १९१३ साली इंग्लिस या इंग्रज अभियंत्याने मांडले. ओढल्या जाणाऱ्या पत्र्यात लंबवर्तुळाकार भोक असेल आणि ओढीला आडवी अशी त्याची लांबी रुंदीच्या दहापट असेल, तर भोकाच्या टोकाशी ताण एकवीसपट होतो! पुढे ग्रिफिथने काचेचे तंतू ओढून पाहिले. तंतू जितका बारीक तितका तो बळकट निघाला. १९२१ च्या निबंधात त्याने नियम दिला : चीर चौपट खोल, तर बळ निम्मे.

सिलिकॉनही काचेसारखेच ठिसूळ. तांबे चिरेच्या टोकाशी थोडे नमते व ताण वाटून देते. सिलिकॉनला नेहमीच्या तापमानात हे नमणे जमत नाही. आणि आज मोटारीतील धक्का ओळखणाऱ्या यंत्रात अवघ्या काही मायक्रोमीटर (म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) रुंदीच्या सिलिकॉनच्या पट्ट्या असतात. अपघातात हवेची पिशवी फुगणे त्यांच्यावर अवलंबून! एक मायक्रोमीटर खोल तीक्ष्ण चीर असेल, तर हिशेबाने दर चौरस मिलिमीटरला सुमारे ५० किलोच्या ओढीला पट्टी तुटेल. चीर शंभरपट उथळ केली, तर तीच पट्टी दहापट ओढ सोसेल. तेव्हा 'सिलिकॉनचे बळ' म्हणून एकच आकडा छापणे मला तरी दिशाभूल करणारे वाटते.

खडबडीतपणा किती, याइतकेच तो कोणत्या दिशेचा, हेही महत्त्वाचे. ओढीला समांतर ओरखडे फारसे बाधत नाहीत. आडवे मात्र घातक. नुसत्या चकाकीवरही भुलू नये. घासून गुळगुळीत केलेल्या पृष्ठाखाली बारीक चिरा दडलेल्या असू शकतात. म्हणून वरचा दुखावलेला थर रसायनाने खाऊन काढतात.

इतके करूनही एकाच चकतीतून कोरलेल्या दोन पट्ट्या एकाच भाराला तुटत नाहीत, कारण प्रत्येकीची सर्वांत मोठी चीर वेगळी. म्हणून अनेक नमुने मोडून, कोणत्या भाराला शेकडा किती तुटतात, याचा तक्ता करतात. ठिसूळ पदार्थांचे बळ असे संभाव्यतेने मोजण्याची रीत स्वीडनच्या वायबुल यांनी १९३९ मध्ये घालून दिली.