वालाचा वेल आणि दिवसाची लांबी

सटाण्याच्या परिसरात वाल हे मोठ्या क्षेत्रावरचे पीक नाही. आरम आणि मोसम या नद्यांच्या खोऱ्यांत कांदा, डाळिंब आणि द्राक्षे यांनाच मान आहे. तरीही बांधाच्या कडेला, विहिरीजवळच्या कुंपणावर आणि घरामागच्या परसात वालाचा एखादा वेल चढवलेला असतो, आणि थंडीच्या दिवसांत त्या एका वेलावर घरची भाजी निघते. उष्ण प्रदेशात हा वेल कसा वाढतो, केव्हा फुलतो आणि त्याची निगा कोणत्या तत्त्वावर राखावी, याचे विवेचन पुढील संवादात केले आहे. त्यातील ताई ही परसबाग नव्याने करू पाहणारी शिक्षिका असून नाना हे शेतीचा दीर्घ अनुभव आणि वाचन असलेले गृहस्थ आहेत.

ताई : नाना, पहिल्या पावसाबरोबर लावलेला वाल श्रावणात छपरावर पोहोचतो, पाने गर्द हिरवी असतात, पण दसरा तोंडावर आला तरी वेलावर कळीसुद्धा दिसत नाही. खत कमी पडले असे समजायचे का?

नाना : तसे समजून लोक युरिया टाकतात आणि फुलणे आणखी लांबवतात. ताई, वाल ही लघुदिवसी वनस्पती आहे, म्हणजे दिवस ठरावीक मर्यादेपेक्षा लहान आणि रात्र त्या प्रमाणात मोठी झाल्याखेरीज तिच्या पानांकडून शेंड्याला कळी धरण्याचा संकेत जात नाही. दिवसाच्या लांबीला वनस्पतीने दिलेल्या या प्रतिसादाला प्रकाशावधी-संवेदनशीलता म्हणतात, आणि गार्नर व अ‍ॅलार्ड या अमेरिकी शास्त्रज्ञांनी तंबाखू व सोयाबीन यांवरील प्रयोगांच्या आधारे १९२० साली ती मांडली. सटाणा साडेवीस अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास असल्यामुळे येथे जूनअखेर दिवस तेरा तासांहून थोडा मोठा असतो, सप्टेंबरअखेर तो बारा तासांवर येतो आणि डिसेंबरात अकरा तासांच्या जवळ उतरतो. वेलाच्या पारंपरिक जाती दिवस बारा तासांच्या खाली उतरू लागल्यावरच कळ्या धरतात, म्हणून पावसाळाभर त्या पाने आणि खोडच वाढवत राहतात. ते त्यांचे दुखणे नसून स्वभाव आहे.

ताई : म्हणजे जूनमध्ये पेरले काय आणि ऑगस्टमध्ये पेरले काय, फुले एकाच सुमारास येणार?

नाना : बहुतांशी तसेच होते, आणि वालाच्या लागवडीचे सारे नियोजन या एका गोष्टीवर उभे आहे. जूनमध्ये पेरलेला वेल फुलण्याआधी चार महिने नुसता पसरतो, मांडव झाकून टाकतो आणि दाट पानांमुळे आत हवा खेळू देत नाही. ऑगस्टअखेर पेरलेला वेल कळ्या धरण्याच्या वेळी इतका लहान असतो की त्याला फुलोरे धरायला फांद्याच पुरत नाहीत. मध्यम मांडवासाठी जुलैचा उत्तरार्ध सोयीचा ठरतो, आणि छत किंवा मोठे कुंपण झाकायचे असेल तर जूनची पेरणी योग्य. फेब्रुवारीत पेरलेला पारंपरिक वेल मात्र वाढत्या दिवसांत सापडतो आणि उन्हाळाभर पाणी पिऊनही शरद ऋतूपर्यंत शेंग देत नाही.

ताई : मग उन्हाळ्यात शेंगा हव्या असतील तर?

नाना : त्यासाठी जातच वेगळी निवडावी लागते. बंगळूरच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेने विकसित केलेल्या अर्का जय आणि अर्का विजय या वालाच्या बुटक्या जाती दिवसाच्या लांबीवर अवलंबून नाहीत. त्यांना मांडव लागत नाही आणि त्या इतर हंगामांतही फुलतात. उन्हाळ्यात वेलच हवा असेल तर चवळीचा विचार करावा. श्रावणघेवडा, ज्याला फरसबीही म्हणतात, तो मात्र येथल्या एप्रिल-मे महिन्यांत लावू नये, कारण तो मूळचा अमेरिका खंडातील तुलनेने थंड उंच प्रदेशांचा असून पारा पस्तीस अंशांच्या आसपास गेला की त्याची फुले शेंग न धरताच गळतात. वालाचे रानटी भाऊबंद आफ्रिकेत आढळतात आणि भारतात त्याची लागवड फार जुनी आहे. कर्नाटकातील नवाश्मयुगीन वस्त्यांच्या उत्खननात वालाचे जळालेले दाणे सापडले आहेत. उन्हाळा आणि कोरडी हवा त्याला नवी नाही.

ताई : वेल चढवायला कोणता आधार चांगला? इथे द्राक्षबागेच्या तारा आणि अँगल सहज मिळतात.

नाना : तारा वापरता येतात, पण द्राक्ष आणि वाल यांची चढण्याची रीत वेगळी आहे, हे आधी लक्षात घ्यावे. द्राक्षाला तणावे असतात, म्हणजे आधाराला विळखा घालणारे बारीक तंतू. वालाला तणावे नसतात, त्याचे कोवळे खोडच आधाराभोवती गुंडाळत वर जाते. शेंड्याचा भाग सतत हवेत गोल फिरत असतो आणि काही उभे लागले की त्याला वेढा घालतो. वरून पाहिले असता हा वेढा घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने असतो. चार्ल्स डार्विन याने १८६५ साली वेलींच्या हालचालींवर विस्तृत निबंध प्रसिद्ध केला, आणि घेवड्याचा शेंडा सुमारे दोन तासांत एक फेरी पूर्ण करतो असे त्यात नोंदवले. सकाळी शेंड्याच्या दिशेला जमिनीवर एक काडी रोवून तासाभराने पाहिले तर शेंडा काडीपासून सरकलेला दिसतो. यावरून आधार कसा असावा हेही ठरते : अँगल किंवा जाड खांब वेढायला अवघड जातो आणि गुळगुळीत प्लास्टिक दोरीवरून वेल घसरतो, म्हणून खांबांच्या मध्ये सुतळी, बांबूच्या कामट्या किंवा तुरीच्या काड्या उभ्या लावाव्यात. वेल हाताने गुंडाळायचा झाल्यास त्याच्या स्वाभाविक दिशेनेच गुंडाळावा, नाहीतर तो सुटतो.

ताई : जमीन आणि पेरणी यांविषयी काय काळजी घ्यावी?

नाना : सटाण्याच्या या बागलाण तालुक्यात काळी जमीन आहे आणि मुरमाड, हलकी जमीनही आहे, वाल दोन्हींत येतो, मात्र मुळाशी पाणी साचलेले त्याला चालत नाही. भारी काळ्या जमिनीत आळे उंचवट्यावर करावे, हलक्या जमिनीत चांगले कुजलेले शेणखत जास्त घालावे. तीन फुटांवर एक आळे करून त्यात दोन-तीन दाणे सुमारे तीन-चार सेंटिमीटर खोल टाकावेत. उबदार, ओलसर जमिनीत आठवड्याभरात उगवण होते आणि मग जोमदार एकच रोप ठेवावे. काढून टाकलेले रोप फेकण्याआधी त्याची मुळे पाहिली तर बरेच समजते. मुळांवरच्या बारीक गाठी म्हणजे रायझोबियम या जिवाणूंची घरे. हे जिवाणू हवेतील नत्र वेलाला मिळवून देतात आणि वेल त्यांना साखर पुरवतो. गाठ नखाने चिरली आणि आत गुलाबी रंग दिसला तर ती कामाला लागली आहे असे समजावे. पांढुरकी किंवा हिरवट गाठ नत्र देत नाही. अगदी कोवळ्या रोपावर गाठी धरलेल्या नसतात, म्हणून विरळणी तीन-चार आठवड्यांनी केली तर ही परीक्षा करता येते. शेंगवर्गीय पीक पूर्वी कधी नसलेल्या जागी बियाण्याला चवळी गटाचे रायझोबियम संवर्धक गुळाच्या पाण्यातून चोळून सावलीत सुकवावे. गाठी काम करत असताना युरिया दिला तर वेल आयत्या नत्रावर पोसतो, गाठींची वाढ मंदावते आणि पाने माजतात.

ताई : दसऱ्यापर्यंत फूल नाही म्हणून युरिया देणारे दुहेरी नुकसान करतात, असेच ना?

नाना : तसेच. त्यांनी त्या काळात दाटलेली पाने विरळ करावीत आणि पाच-सहा फुटांवर शेंडा खुडावा, म्हणजे बगलफांद्या फुटतात आणि फुलोरे धरण्याची ठिकाणे वाढतात. आणखी एक गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही : अशा वेलाला अखंड काळोखी रात्र लागते, म्हणून अंगणातला प्रखर दिवा रात्रभर त्याच्यावर पेटत असेल तर त्या बाजूची फुले लांबतात.

ताई : पाणी किती द्यावे?

नाना : पावसाळ्यात पाणी देण्यापेक्षा निचऱ्याकडे लक्ष असावे. पाऊस संपला की जमिनीचा वरचा बोटभर थर सुकल्यावर पाणी द्यावे, आणि कळ्या दिसू लागल्यापासून शेंगा भरेपर्यंत ताण पडू देऊ नये, कारण त्या काळातला ताण फूलगळ करतो. आळ्यावर बाजरीच्या सरमडाचे किंवा पालापाचोळ्याचे आच्छादन घातले तर ओल टिकते. साल्हेर-मुल्हेरच्या बाजूला पाऊस जास्त आणि पूर्वेकडे तो कमी होत जातो, म्हणून एकाच तालुक्यात दोन गावांचे पाण्याचे वेळापत्रक सारखे असणार नाही.

ताई : थंडीत कोवळ्या शेंड्यांवर काळा मावा येतो आणि शेंगांना भोके पडतात, त्यावर उपाय?

नाना : मावा थोडा असताना शेंडा पाण्याच्या धारेने धुवावा, आणि मुंग्यांची रांग दिसली तर ती अडवावी, कारण माव्याच्या अंगातून निघणाऱ्या गोड चिकट द्रवासाठी मुंग्या त्याचे रक्षण करतात. ठिपकेवाले ढालकिडे आणि त्यांच्या करड्या अळ्या मावा खातात. त्यांना ओळखून वेलावर राहू द्यावे. शेंगा पोखरणारी अळी कळ्या आणि फुले जाळ्याने एकत्र गुंफून आत बसते, तेव्हा असे गुच्छ वेचून नष्ट करावेत. त्यानंतरही गरज पडली तर पाच टक्के निंबोळी अर्क वापरावा : कुटलेली पन्नास ग्रॅम निंबोळी रात्रभर पाण्यात भिजवून, फडक्याने गाळून, पाणी घालून एक लिटर करावी आणि त्यात किंचित साबण मिसळून संध्याकाळी फवारावी. सकाळी फुलांवर मधमाश्या असतात, म्हणून ती वेळ टाळावी. पाने पिवळ्या-हिरव्या ठिपक्यांनी रंगली तर तो पांढऱ्या माशीने पसरवलेला विषाणूरोग समजून ते रोप उपटून टाकावे. त्यावर औषध नाही.

ताई : शेंगा तोडण्याची खूण कोणती?

नाना : भाजीसाठी शेंग पूर्ण लांबीची झालेली, पण दाण्याचा उंचवटा नुकताच जाणवू लागलेला असावा, बोटांनी मोडली तर ती कट्कन तुटते आणि कडेची शीर सहज निघते. तोडताना शेंगच खुडावी, फुलोऱ्याचा दांडा ओढू नये, कारण त्याच दांड्यावर पुढच्या कळ्या असतात. शेंगा वेळेवर तोडत गेले की नवा बहार येत राहतो. वाळायला सोडल्या की वेल दाणे भरण्याकडे वळतो. वाळलेला दाणा कधीही कच्चा किंवा अर्धवट शिजलेला खाऊ नये, कारण त्यात सायनाइड सोडणारी आणि पचन अडवणारी द्रव्ये असतात. कोकणात बिरडे करताना वाल भिजवून, मोड आणून, सोलून मगच शिजवतात. त्या रीतीने ही द्रव्ये कमी होतात आणि दाणा पचायला हलका होतो.

ताई : पुढच्या वर्षासाठी बी घरचे ठेवता येईल का?

नाना : अवश्य ठेवावे. वालाचे परागीभवन बहुतांशी त्याच फुलात होते, म्हणून घरच्या बियाण्याचे गुण बऱ्याच अंशी टिकतात. दोन जाती असतील तर त्या लांब लावाव्यात. निरोगी आणि वेळेवर फुललेला वेल आधीच निवडून त्यावरच्या पहिल्या बहारातील काही शेंगा वाळेपर्यंत राखाव्यात, दाणे उन्हात कडक सुकवावेत आणि भुंगा लागू नये म्हणून चाळलेल्या राखेत मिसळून झाकणबंद डब्यात ठेवावेत. डब्यावर पेरणीची आणि पहिले फूल आल्याची तारीख लिहावी. दोन-तीन वर्षांच्या अशा नोंदींवरून आपल्या अंगणातली जात केव्हा फुलते हे नक्की कळते, आणि त्या तारखेपासून सुमारे अडीच महिने मागे मोजले की आपल्या मांडवासाठी पेरणीचा दिवस हाती येतो. मग दसऱ्याच्या सुमारास रिकामा वेल पाहून खताची गोणी उघडण्याची वेळ येत नाही.