मापातली दारू

आमच्या आजोळी, कंधार तालुक्यातील मन्याडकाठच्या एका खेड्यात, माजघराच्या भिंतीवर दोन खुंट्यांच्या आधाराने एक बंदूक आडवी टांगलेली असे. आणि वाड्यात येणारा प्रत्येक पाहुणा आधी देव्हाऱ्याला आणि मग तिला नजरेनेच वंदन करून बैठकीवर टेकतो, असे मला लहानपणी तरी निश्चित वाटे. तिच्या पोलादी कुशीवर राजमुकुट आणि त्याखाली व्ही. आर. ही विक्टोरिया राणीची अक्षरे कोरलेली होती. निजामाच्या अमदानीत ती पणजोबांकडे आली. कोणाकडून आणि किती रुपयांना, याचा दाखला आमच्या दप्तरात नव्हता. उर्दूतला एक जीर्ण परवाना मात्र होता, आणि पुढे नव्या राजवटीत त्याच्याच आधारे नूतनीकरण होत आले.

ही मार्टिनी-हेन्री. १८७१ साली ब्रिटिश फौजेने ती स्वीकारली. दस्त्याखालची तरफ खाली ओढली की मागचा ठोकळा उतरून नळीचे तोंड उघडते, त्यात एक काडतूस सरकवायचे, तरफ वर घ्यायची आणि चाप ओढायचा, इतका तिचा सरळ कारभार. तिच्या काडतुसात ८५ ग्रेन, म्हणजे सुमारे साडेपाच ग्रॅम काळी दारू आणि ४८० ग्रेन, म्हणजे एकतीस ग्रॅमची शिशाची गोळी असे. वायव्य सरहद्दीवरील टोळ्यांच्या हाती दारूगोळा पडू नये म्हणून सरकारने १९०७ साली ४५० बोअरच्या काडतुसांची आयातच बंद केली. तेव्हा शिकारीला जाणाऱ्या गोऱ्या साहेबांनी ४७० वगैरे नव्या बोअरच्या रायफली विलायतेहून करवून आणल्या. आमच्यासारख्यांनी मात्र रिकामी पितळी काडतुसे जपून ठेवली, आणि ती घरीच पुन्हा भरण्याचा परिपाठ पडला.

या परिपाठाचे मुख्य साधन म्हणजे आजोबांनी स्वतः केलेले एक माप. जुन्या काडतुसाचा बुडखा कापून, कानशीने घासून, त्याला कथलाने तारेची मूठ जोडलेली होती. शिंगातली दारू त्यात ओतायची आणि वरचा शीग पत्त्याच्या पानाने सपाट करायचा. आजोबा दर वेळी चौकट सत्तीच वापरत. दुसरे पान चालत नसे. तराजू नव्हता, वजन नव्हते. जे काही प्रमाण होते ते त्या पितळेच्या पोकळीत होते. ते माप एकाच जातीच्या दारूसाठी बेतलेले आहे, हे आजोबांना ठाऊक होते, पण त्यांनी ते कोणाला बोलून दाखवले नाही, आणि त्यांच्यामागे माप तेवढे उरले.

१९६६ च्या आश्विनात, खंडेनवमीच्या संध्याकाळी, बंदुकीला हळदकुंकू वाहून झाले होते. भुईमूग काढणीला आला होता आणि रानडुकरांनी दोन रात्रींत पाऊण बिघा उकरून ठेवला होता. मामांनी निरांजनाजवळच पाट मांडला (हे आज लिहितानाही अंगावर काटा येतो) आणि मला माप भरायला बसवले. शिंगातली दारू माप तीनचतुर्थांश भरेपर्यंत संपली. तेव्हा मामांनी त्यांच्या बारा बोरच्या बंदुकीचे एक काडतूस चाकूने उकलले आणि त्यातली दारू माझ्या हातातल्या मापात ओतून ते पूर्ण केले. मी पाहिले ते असे : खालचे दाणे काळेभोर, कोनेदार, बोटाला काजळी लावणारे आणि गंधकाचा वास देणारे, वरचे मात्र करडसर हिरवट, चपट्या पापुद्र्यांसारखे, चकचकीत, निर्गंध. हे वेगळे आहे, एवढे मला कळले. चौदा वर्षांच्या भाच्याने मामांच्या तोंडावर ते बोलावे, अशी आमच्या घरची रीत नव्हती. मी चौकट सत्ती फिरवून शीग सपाट केला.

काळी दारू, म्हणजे शोरा, गंधक आणि कोळसा यांचे मिश्रण, ही दम धरून गोळीला ढकलते. आधुनिक बिनधुराची दारू कोंडली गेली, की जितका दाब वाढेल तितकी अधिक वेगाने जळते, आणि तो दाब पुन्हा तिलाच चेतवतो. विक्टोरिया राणीच्या काळचे पोलाद त्यासाठी घडलेले नव्हते. शिवाय बार पेटवणाऱ्या जुन्या टोप्यांतल्या पाऱ्याने पितळ कालांतराने ठिसूळ होते, आणि आमची काडतुसे किती वेळा भरली गेली याची मोजदाद कोणी ठेवली नव्हती. बंदुकीचा नेहमीचा आवाज नगाऱ्यासारखा घुमे. त्या रात्री शेतात मामांनी चाप ओढला तेव्हा तो वाळली फांदी तडकावी तसा कोरडा आला. काडतुसाचा बुडखा फाटून सगळी आग मागे उसळली, दस्ता उभा चिरला, आणि मामा उजवा डोळा धरून सरीत बसले. बैलगाडीने कंधार आणि तेथून एसटीने नांदेड गाठेपर्यंत सकाळ झाली, दसऱ्याची सकाळ. डोळा राहिला, दृष्टी गेली.

पंचनाम्याच्या वेळी जमादारांनी विचारले, काडतूस कोणी भरले? मामा म्हणाले, "म्या भरलं." बंदूक, शिंग आणि अकरा रिकामी काडतुसे सरकारजमा झाली, परवाना रद्द झाला. माप यादीत आले नाही.

पुढे मी महसूल खात्यात चिकटलो, आणि १५ ऑगस्ट १९८२ रोजी उस्मानाबादेतून लातूर जिल्हा वेगळा झाल्यावर काही वर्षे तेथील शस्त्र-परवान्यांचे टेबल माझ्याकडे होते. वडिलोपार्जित बंदुका घेऊन येणाऱ्या मंडळींना मी जे तोंडी सांगत आलो, तेच येथे लिहून ठेवतो. "साहेब, ही शोभेची आहे," हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकले. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाचे कलम ४५ पुराण्या हत्याराला सूट देते खरे. पण दुरुस्त करूनही जे बंदूक म्हणून चालणार नाही, अशाच हत्याराला. मार्टिनीचा ठोकळा अजून खालीवर होत असेल तर ती बंदूक आहे, मग तिच्यावर कितीही गंज चढो. बंदुकीचा परवाना म्हणजे काडतूस बनवण्याचा परवाना नव्हे. त्यासाठी कलम ५ वेगळे आहे. वारसाला परवाना मिळेपर्यंत, किंवा नकोच असेल तर कायमची, ती कलम २१ प्रमाणे पोलीस ठाण्यात जमा करता येते, आणि पावती घेण्यात संकोच करू नये.

कणगीमागे, माळ्यावर किंवा पडक्या भिंतीत जुनी दारू अगर काडतुसे सापडली तर ती निकामी झाली असतील, असे समजू नका. कोरडी राहिलेली काळी दारू शंभर वर्षांनंतरही तितक्याच तत्परतेने पेट घेते. काडतूस उकलू नका, चुलीत टाकू नका, पिशवीत घालून एसटीने आणू तर मुळीच नका. जागच्या जागी ठेवून ठाण्याला वर्दी द्या. दसऱ्याला नळीच्या तोंडात उदबत्ती खोवणारे सद्गृहस्थ मी पाहिले आहेत. नळी भरलेली आहे की रिती, हे त्यांना विचारले तर ते हसत.

विलायतेत आजही हौशी लोक मार्टिनीची काडतुसे रीतसर भरतात. तेथे काळी दारू बाळगायलाही पोलिसांचा स्वतंत्र दाखला लागतो. ते लोक काळीशिवाय दुसरी दारू जवळ येऊ देत नाहीत, गोळी आणि भरणा यांत पोकळी राहू देत नाहीत, प्रत्येक पितळी काडतूस उजेडात फिरवून चीर शोधतात, आणि चाप ओढूनही बार झाला नाही तर नळी निशाण्याकडेच रोखून थांबून राहतात, कारण बार कधी कधी उशिरा होतो. आमच्याकडे हे सगळे ज्यांच्या हाताला ठाऊक होते ते गेले, आणि हौस मागे राहिली.

मामांना मी खरे सांगितले ते नोकरी लागल्याच्या वर्षी, माळेगावच्या यात्रेत, खंडोबाच्या देवळामागे. वरची दारू निराळी आहे हे मला तेव्हाच दिसले होते आणि मी बोललो नाही, असे म्हणालो. डाव्या डोळ्याने ते घोड्यांच्या बाजाराकडे पाहत होते.

"मला बी दिसलं होतं," मामा म्हणाले. "पर भुईमुगात डुकरं शिरली होती."