गाड्यांची प्रतवारी

अंबड, जिल्हा जालना

चिरंजीव बाळ,

तुझे पत्र पोहोचले. दिवाळीनंतर जालन्याबाहेरच्या मुरमाड माळावर हौशी चालकांची ऑटोक्रॉस स्पर्धा भरवण्याचे तुम्ही मित्रांनी योजले आहे, आणि कोणती गाडी कोणत्या वर्गात बसवावी याचा मसुदा तयार करण्याचे काम मंडळाने तुझ्यावर सोपवले आहे, हे वाचून मला मनापासून समाधान वाटले. मार्ग आखणे, शंकू मांडणे, घड्याळ धरणे ही कामे कोणीही निष्ठेने करील. परंतु वर्गवारी ज्याच्या हाती असते त्याच्याच हाती स्पर्धेचा न्याय असतो. इंजिनाच्या आकारमानावर तीन वर्ग पाडले म्हणजे भागेल काय, असे तू विचारले आहेस. माझ्या मते भागणार नाही, आणि ते का, हे जरा विस्ताराने सांगतो.

प्रथम या खेळाची प्रकृती लक्षात घे. लांब सरळ रस्त्यावर जी गाडी वाऱ्याशी स्पर्धा करते तिला येथे फारसे काम नसते. वळणामागून वळण, पुन्हा उलट वळण, क्षणभर वेग घेतला न घेतला तोच ब्रेक, आणि बहुतेक सारा मार्ग दुसऱ्या गिअरमध्ये, अशा या खेळात इंजिनाच्या बळाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्व वजनाला, गाडीच्या रुंदीला, टायरच्या पकडीला आणि कोणती चाके जमीन ढकलतात या गोष्टीला असते. म्हणूनच ७९६ सीसीची मारुती ८००, जिचे वजन जेमतेम साडेसहाशे किलो, ती अरुंद वळणांच्या मार्गावर आपल्याहून दीडपट इंजिन असलेल्या अवजड सेडानला घाम फोडते.

बरे, आकारमान हे तरी शक्तीचे विश्वासू माप आहे काय? मारुतीच्याच दोन गाड्या घे. वॅगन-आरचे ९९८ सीसीचे इंजिन सुमारे ६७ अश्वशक्ती देते. बलेनो आरएसचे इंजिनही ९९८ सीसीचेच, परंतु टर्बो जोडल्यामुळे ते सुमारे १०२ अश्वशक्ती देते. केवळ नोंदणीपुस्तकातील आकडा पाहून या दोघींना एका वर्गात उभे केलेस, तर वॅगन-आर घेऊन आलेला मुलगा निशाण पडण्यापूर्वीच हरलेला असेल. यावर जागतिक मोटार संघटनेने, म्हणजे एफआयएने, फार पूर्वीच तोडगा काढून ठेवला आहे: टर्बो असलेल्या पेट्रोल इंजिनाचे आकारमान १.७ ने आणि टर्बो डिझेलचे १.५ ने गुणावे, व जो आकडा येईल त्यावर वर्ग मुकर्रर करावा. त्या हिशेबाने बलेनो आरएस १६९७ सीसीच्या घरात जाते, आणि १२४८ सीसीची डिझेल स्विफ्ट १८७२ ची होते. डिझेलवाले हरकत घेतील, की आमचे इंजिन जड आणि नाक खाली ओढणारे आहे. त्यांचे म्हणणे अगदी खोटे नाही; पण १९० न्यूटन-मीटरचा रेटा असलेली गाडी ११५ च्या आसपास रेटा असलेल्या पेट्रोल स्विफ्टशेजारी उभी करणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

जिप्सीचा मामला त्याहून निराळा आहे. जिप्सी आणि एस्टीम या दोहोंचे इंजिन १२९८ सीसीचे. आकड्यात तिळमात्र फरक नाही, तरी एक उंच, चारही चाकांनी ढकलणारी, आणि दुसरी बसकी, पुढच्या दोन चाकांनी ओढणारी. डांबरावर एस्टीम जिप्सीला सहज मागे टाकील. आपल्या माळावर, भुरभुरीत मुरमात, गणित उलटण्याचा संभव फार आहे. म्हणून भारतातील अनेक रॅलींनी जिप्सीला स्वतंत्र वर्ग दिला, आणि तूही द्यावास. वर्गवारी नुसत्या गाडीची नसते, ज्या जमिनीवर ती धावायची त्या जमिनीचीही असते; परक्या देशाचा जाबता जसाच्या तसा उतरवून घेतला तर तो आपल्या मुरमावर लागू पडणार नाही.

माझी सारी नोकरी भूमी अभिलेखाच्या दफ्तरात गेली हे तू जाणतोस, आणि या प्रश्नाकडे मी त्याच नजरेने पाहतो. १८३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघा अधिकाऱ्यांनी इंदापूर भागात जमिनीच्या प्रतबंदीची जी पद्धत घातली, आणि जिच्या धर्तीवर पुढे निजामाच्या अमलात आपल्या मराठवाड्यातही बंदोबस्त झाला, तिचे मर्म असे, की शेतात उभे असलेले पीक पाहून प्रत ठरवायची नाही. मातीचा पोत पाहायचा, खणून खोली पाहायची, सोळा आण्यांपासून खाली नऊ प्रती मानायच्या, आणि चुनखडी, वाळू, उतार, पाणी उपळणे असा एखादा दोष आढळला की एका दोषास एक प्रत उतरवायची. कष्टाळू कास्तकाराने उत्तम पीक काढले म्हणून त्याचा धारा चढत नसे, आणि आळशाचे रान पडीक राहिले म्हणून त्याला सूट मिळत नसे. तुझ्या मसुद्याचा पाया हाच असू दे: वर्ग गाडीचा ठरवायचा, चालकाचा नव्हे. अमुक मुलगा गेल्या वेळी जिंकला म्हणून त्याची गाडी वरच्या वर्गात ढकलणे, हे त्याच्या मेहनतीवर कर बसवण्यासारखे आहे, आणि असा कर बसला की पुढे मेहनत करण्यास कोणी धजत नाही. अपवाद एकच, प्रथमच उतरणाऱ्यांचा नवोदित वर्ग. परंतु त्याचीही मुदत एका हंगामाची ठेव.

मात्र एके ठिकाणी मोजणीखात्याचा न्याय येथे चालणार नाही. शेतकऱ्याने स्वखर्चाने विहीर पाडली तर तिच्यावर धारा वाढवू नये, असे ते खाते मानी. तुला मात्र गाडीत केलेली प्रत्येक सुधारणा हिशेबात धरावी लागेल, कारण ती पैशाने विकत मिळते आणि चालकाच्या हातात मुरत नाही. अमेरिकेत १९४४ साली स्थापन झालेल्या स्पोर्ट्स कार क्लबने या बाबतीत जी शिस्त लावली आहे ती अनुकरणीय वाटते. त्यांच्या रस्त्यावरच्या गाड्यांच्या वर्गात शॉकअब्सॉर्बर बदलण्यास मुभा आहे, पुढचा किंवा मागचा यांपैकी एकच अँटी-रोल बार बदलता येतो, चाकाचा व्यास एका इंचाने कमीअधिक चालतो, आणि टायर दोनशे ट्रेडवेअर या झीज-अंकाहून मऊ चालत नाही. इंजिनाच्या आत हात घातला की गाडी वरच्या वर्गात गेली. तुम्हाला मातीवर धावायचे असल्याने टायरचे कलम निराळे लिहावे लागेल: बाजारात मिळणारा, रस्त्यावर चालणारा टायर एका बाजूला, आणि खास रॅलीचा खडबडीत टायर दुसऱ्या बाजूला. माझ्या मते मातीवर सर्वांत मोठा भेद इंजिनाने पडत नाही, तो टायरने पडतो. म्हणून हे कलम अगदी स्पष्ट लिही.

आणि जे तपासता येत नाही ते कलम लिहूच नकोस. इंजिनाचा संगणक बदलला आहे की नाही, हे सकाळच्या तपासणीत बॉनेट उघडून कळणार नाही. टायर, चाके, आसने, एअर फिल्टर, सायलेन्सर, काढून टाकलेली मागची सीट हे सारे उघड्या डोळ्यांना दिसते. दिसणाऱ्या गोष्टींवर मुख्य वर्ग उभे कर. न दिसणाऱ्यांसाठी तक्रारीची वाट ठेव: तक्रारदाराने अनामत भरावी, गाडी उघडून पाहावी, तक्रार खरी ठरली तर अनामत परत, खोटी ठरली तर ती गाडीच्या मालकास खर्चापोटी द्यावी. एवढे कलम असले की चहाच्या टपरीवरची निम्मी कुजबुज आपोआप बंद होते.

वर्ग किती पाडावेत? कमी. प्रत्येक गाडीला तिचा स्वतंत्र वर्ग दिला तर प्रत्येकाच्या हाती करंडक येईल, पण कोणीही जिंकलेला नसेल. एका वर्गात पाच गाड्याही जमल्या नाहीत, तर तो वरच्या वर्गात विलीन होईल, हे पत्रकातच छापून टाक. आयत्या वेळी केलेले विलीनीकरण कितीही योग्य असले तरी पक्षपातासारखे दिसते. निरनिराळ्या वर्गांतील वेळा एका गुणकाने गुणून सर्वांतून एक विजेता काढण्याची पद्धत अमेरिकेत रूढ आहे. परंतु तो गुणक अनेक स्पर्धांच्या निकालांवरून काढलेला असतो, आणि तुमच्यापाशी अद्याप एकही निकाल नाही. तो मोह यंदा टाळ.

आणखी एक गोष्ट, जी कागदावर वर्गवारीत मोडत नाही, पण तिच्यावाचून वर्गवारी निरर्थक ठरते. मातीचा मार्ग दिवसभर एकसारखा राहत नाही. सकाळच्या गाड्या सुटे खडे बाजूला सारतात आणि मागच्यांना घट्ट जमीन मिळते; पुढे वळणांवर चाकोऱ्या खोल होत जातात. म्हणून एका वर्गाच्या साऱ्या गाड्या लागोपाठ सोड, आणि दुसऱ्या फेरीत त्यांचा क्रम उलटा कर. काळ्या रानाच्या कडेने मार्ग नेऊ नकोस. परतीचा पाऊस लांबला तर तेथे वर्ग राहणार नाहीत, केवळ फसलेल्या गाड्या राहतील.

एफएमएससीआय या देशातील मोटारक्रीडेच्या नियामक संघाची परवानगी, रुग्णवाहिका, अग्निशामक, हेल्मेट यांची तजवीज मंडळाने केली असेलच. तरी तू जातीने खातरजमा कर.

शेवटची सूचना जरा कठोर वाटेल. तू स्वतः स्विफ्ट घेऊन उतरणार आहेस, आणि मसुदाही तूच लिहीत आहेस. सीमारेषा कोठे ओढायची हे ठरवताना आपली गाडी कोठे पडते, हा विचार माणसाच्या मनात नकळत शिरतो. तेव्हा मसुदा पुरा झाला की ज्याची गाडी स्पर्धेत नाही अशा दोघांना तो वाचायला दे, नोंदणी उघडण्यापूर्वी तो प्रसिद्ध कर, आणि एकदा प्रसिद्ध केल्यावर स्पर्धा संपेपर्यंत त्यातील अक्षर बदलू नकोस. तुझी स्विफ्ट कोणत्याही रेषेवर आली, तर ती बेलाशक वरच्या वर्गात घाल.

छापण्यापूर्वी एक प्रत मला पाठव. वडिलांस नमस्कार सांग.

तुझा,
काका