चेतकची दुरुस्ती पुढच्या हाती सोपवताना

गेवराई, जि. बीड

चि. पुतण्यास,

वाहन जुने होणे आणि त्याची निगा राखणारा माणूस म्हातारा होणे या गोष्टी बहुधा बरोबरच घडतात. परंतु वाहनाचा झिजलेला भाग बदलता येतो, वाकेनासा झालेला गुडघा आणि थरथरणारी बोटे बदलता येत नाहीत, म्हणून दुरुस्तीचे काम हात चालत असतानाच पुढच्या पिढीकडे द्यावे, असे काकांचे ठाम मत झाले आहे.

बजाज ऑटोने 1972 साली बाजारात आणलेली, महाराणा प्रतापांच्या घोड्याचे नाव लाभलेली चेतक स्कूटर मिळवण्यासाठी एके काळी नंबर लावून वर्षानुवर्षे थांबावे लागे. 2009 च्या अखेरीस कंपनीने स्कूटरचे उत्पादन बंद करण्याचा निर्णय जाहीर केला आणि 2020 पासून त्याच नावाने विकली जाणारी गाडी विजेवर चालते. त्यामुळे जुन्या इंजिनाची विद्या आता जुने मिस्त्री आणि जुने मालक यांच्याच हातांत उरली आहे.

हे इंजिन टू-स्ट्रोक, म्हणजे पिस्टनच्या एका वर-खाली फेरीत कामाचे एक चक्र पूर्ण करणारे असून, त्याच्या पिस्टनला वंगण पेट्रोलमधूनच मिळत असल्याने दर लिटरमागे सुमारे 20 मिलिलिटर ऑइल मिसळावे लागते. ते कमी पडले तर पिस्टन जाम होतो, जास्त झाले तर प्लगवर काजळी धरते. गिअर डाव्या मुठीत असतो आणि दोन केबलींनी ओढला जातो. त्या सैल पडल्या की गिअर सटकू लागतो, तेव्हा गिअरबॉक्स खोलण्याची घाई न करता आधी केबल ताणून पाहावी. चाकाची रिम दोन अर्ध्या भागांची, नटांनी जोडलेली असते; ट्यूबमधील हवा पूर्ण काढल्याशिवाय हे नट सैल करणे धोक्याचे आहे, आणि ही एक गोष्ट चिरंजीवाने कधीही विसरू नये. गोदाकाठच्या काळ्या मातीची धूळ उन्हाळ्यात एअर फिल्टर कोंडते, तर पावसाळ्यातील चिखल मडगार्डखाली साचून पत्रा खातो, म्हणून गेवराईतील गाडीला पुण्यातील गाडीपेक्षा अधिक वेळा धुणे-पुसणे लागते.

कागदपत्रांचे काम त्या मानाने सोपे आहे. मोटार वाहन कायदा, 1988 नुसार खासगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढे ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते, आणि मालकी बदलताना नमुना 29 व 30 भरून परिवहन कार्यालयात द्यावे लागतात.

कागदावर न उतरणारे ज्ञान मात्र कानाचे आणि बोटांचे असते. किक मारण्यापूर्वी गाडी किती कलती करावी, इंजिनाचा आवाज कोरडा केव्हा वाटतो, नट कुठवर आवळला की थांबावे, हे जाणत्याच्या शेजारी बसूनच कळते. आणि ज्याने आयुष्यभर स्वतः पाना धरला त्याला केवळ पाहत बसणे जड जाते, म्हणून शिकणाऱ्याने प्रत्येक पायरीवर त्याला विचारावे, त्याचे उत्तर आधीच ठाऊक असले तरी. जुने भाग काढून गाडी नव्यासारखी चकचकीत करण्याचा मोह तरुणांना होतो. परंतु रोज चालणारी, थोडी खरचटलेली गाडी ही अंगणात झाकून ठेवलेल्या गाडीपेक्षा निश्चितच चांगली.

येत्या दिवाळीच्या सुट्टीत चिरंजीवाने जुने कपडे घेऊन गेवराईस यावे आणि प्लग स्वतःच्या हाताने खोलावा. काका शेजारी स्टुलावर बसलेले असतील.

कळावे.