रिफंडला पिन कशाला?

नाशिकच्या द्वारका चौकात मुंबई-आग्रा महामार्गाला पुण्याचा रस्ता येऊन मिळतो. तिथल्या कोंडीची नाशिककरांना आता इतकी सवय झालीय की तिच्याबद्दल कुणी फार तक्रारही करत नाही. पैशांचं मात्र तसं नसतं. याच भागातल्या एका स्पेअर पार्टवाल्या शेठचं व्यापाऱ्याला पाठवलेलं पेमेंट मध्येच अडकलं. खात्यातून रक्कम गेली, समोरच्याला पोचली नाही. ॲपमध्ये विचारावं तर तीच ती छापील उत्तरं. शेठ वैतागले आणि त्यांनी एक्सवर कंपनीला टॅग करून सगळं मांडलं: रक्कम, व्यवहार क्रमांक आणि वर स्वतःचा मोबाइल नंबर.

हातातला चहा संपायच्या आत फोन आला. पलीकडचा माणूस अगदी अदबीचा. रक्कम आणि व्यवहार क्रमांक त्याने आपणहून सांगितला, त्यामुळे तो कंपनीचाच, याबद्दल शेठना शंका उरली नाही. (हे सगळं त्यांनीच दहा मिनिटांपूर्वी जगजाहीर केलं होतं.) "सर, रिफंडचा क्यूआर पाठवलाय. स्कॅन करा आणि पिन टाका."

काउंटरवरचा पोरगा बिल करता करता म्हणाला, "शेठ, पैसे यायला पिन कशाला?" फोन तिथेच कट झाला.

विलेपार्ल्याच्या एका महिलेच्या शेजारी असं विचारणारं कुणी नव्हतं. जानेवारी 2022 मध्ये रेल्वेचं तिकीट आरएसीत अडकलं म्हणून त्यांनी आयआरसीटीसीला ट्विटरवर विचारलं आणि सोबत तिकिटाचा तपशील व मोबाइल नंबर टाकला. थोड्याच वेळात 'आयआरसीटीसीकडून' फोन आला, लिंक आली, फॉर्म भरून 2 रुपये भरायला सांगितलं गेलं. 2 रुपयांचे 64,011 झाले. रक्कम मुद्दामच क्षुल्लक ठेवतात. 2 रुपयांसाठी कोण विचार करत बसतं? पण ते भरताना कार्डाचा किंवा खात्याचा तपशील लिंक पाठवणाऱ्याच्या हाती लागतो.

हे लोक कुणाचा पासवर्ड फोडत नाहीत. कंपन्यांच्या नावावर नजर ठेवून बसतात आणि त्याखाली कोण चिडलंय ते बघतात. तोच लोगो लावायचा, नावाच्या शेवटी 'केअर' किंवा 'हेल्प' जोडायचं, की दुकान सुरू. निळ्या टिकवरही जाऊ नये, 2023 पासून ती महिन्याचे पैसे भरून मिळते. गुगलवर सापडलेल्या कस्टमर केअर नंबरचीही तीच गत. नंबर घ्यायचा तो कार्डाच्या मागचा, पासबुकावरचा किंवा ॲपच्या आतला. बँकांच्या खऱ्या संकेतस्थळांचा पत्ता तर आता 'डॉट बँक डॉट इन'ने संपतो, तेवढं बघायला दोन सेकंद लागतात.

जाहीर तक्रार करूच नये असं नाही, कंपन्या पुष्कळदा त्यानेच हलतात. पण त्यात मोबाइल नंबर, पीएनआर, व्यवहार क्रमांक नको. आणि तक्रारीनंतर आलेला फोन आपण उचलला असेल तर तो ठेवून, अधिकृत नंबरवर आपणच फोन लावावा. 'मदतीसाठी' एनीडेस्कसारखं ॲप टाकायला सांगितलं तर पुढचं ऐकायचीही गरज नाही. ते टाकून पलीकडच्याला परवानगी दिली की आपला स्क्रीन त्याच्या ताब्यात. रिझर्व्ह बँकेने बँकांना याबद्दल फेब्रुवारी 2019 मध्येच सावध केलं होतं.

तरीही पैसे गेलेच, तर घरच्यांना काय सांगायचं या विचारात तास घालवू नयेत. रिझर्व्ह बँकेच्या जुलै 2017 च्या परिपत्रकानुसार पिन किंवा ओटीपी ग्राहकाने स्वतः दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचंच. कळवल्यानंतरही पैसे जात राहिले तर ते बँकेच्या माथी. म्हणून आधी बँकेला कळवून खातं बंद करायचं आणि लगोलग 1930 वर फोन करायचा. या हेल्पलाइनवरून तक्रार थेट संबंधित बँकांकडे जाते आणि रक्कम पुढच्या खात्यातून काढली गेली नसेल तर तिथेच गोठवता येते. व्यवहार क्रमांक, वेळ आणि आलेला नंबर हाताशी ठेवा, फोन उचलला की आधी तेच विचारतात.