विश्वकोश : ग्रंथालयाचे दार

महाबळेश्वर आणि म्हसवड एकाच सातारा जिल्ह्यातले. मग तिकडे धो धो पाऊस आणि इकडे माणदेशात अवर्षण, असे का?

उत्तर शोधायला प्रथम मराठी विश्वकोश उघडा. तोही याच जिल्ह्यात, वाईला तयार झाला. पहिला खंड १९७६ चा. समुद्रावरचे बाष्पयुक्त वारे सह्याद्री चढताना थंड होऊन पाऊस देतात. पूर्वेला उतरताना तापून कोरडे होतात. हीच पर्जन्यछाया.

पण नोंद वहीत उतरवली की अभ्यास संपला, असे नाही. नोंदीखालचे 'पहा' आणि 'संदर्भ' वाचा. ग्रंथपालांकडे ते ग्रंथ मागा. पावसाचे आकडे कोणत्या वर्षांचे, ते तपासा. १८८५ च्या सातारा गॅझेटियरशी ताडून पाहा. जुळले नाहीत, तर कारण शोधा. खरा अभ्यास तेथून सुरू होतो.