खर्जातला गंधार

अनेक वस्तूंतले समान गुण वेगळे काढून मन जी कल्पना बांधते ती संकल्पना, असे मानसशास्त्राच्या तासाला सरांनी सांगितले. व्याख्या मी पाठ केली. पण संकल्पना बदलते कशी, ते मला सतारमेकर गल्लीत कळले.

माझे अब्बा तंबोऱ्यांची जवारी काढतात. शाळा त्यांनी चौथीत सोडली. एका तारेतून एकच स्वर निघतो, अशी माझी लहानपणापासूनची समजूत. अब्बा म्हणत, "खर्जात गंधार बोलतोय, ऐक." मी नुसती मान डोलवी. एकदा त्यांनी घोडीवरचा दोरा केसभर सरकवला आणि गंधार स्वच्छ ऐकू आला. मग पुढे वाचले, की तार सबंध लांबीने कंप पावते तशी पाच भागांतही पावते, त्यातून दोन सप्तके वरचा गंधार उमटतो. एकाच सप्तकात आणला तर षड्जाशी त्याचे प्रमाण ५:४. हार्मोनियमचा गंधार याहून किंचित चढा असतो. (त्यालाच मी आजवर खरा समजत होते!)

जुन्या साच्यात न मावणारा अनुभव आला की साचाच बदलावा लागतो, असे पियाजे म्हणतो. विद्वानांनाही हे चुकलेले नाही. कृ. ब. देवलांनी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या साहाय्याने श्रुती मोजल्या, तेव्हा कुठे १९१० साली त्यांचा ग्रंथ निघाला.

हे सांगताच सर गल्लीत आले. प्रथम त्यांनाही काही ऐकू येईना. "सर, डोळे मिटून ऐका," अब्बा म्हणाले. बऱ्याच वेळाने सरांनी विचारले, "हा आधीपासून वाजत होता?"